साखळीची दुसरी किल्ली

गुरुग्राम
६ एप्रिल २०२५

तीर्थरूप आबांस,
राजनंदिनीचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुम्ही "हां हां, बरं बरं" म्हणता, पण मी काय बोलले यातलं तुम्हाला काहीच कळलेलं नसतं, हे मला माहीत आहे. तोफखान्याने तुमचे कान घेतले आणि माझ्या वाट्याला पत्रं आली. ऑफिसात सगळे हसतात. "यार, तू अजून पोस्टात जातेस?" जाते म्हणावं, आमच्या पोस्टाला रॅम्प आहे.

गाडीची बॅटरी भरायला दर रविवारी एवढं लांब का जातेस, असं तुम्ही विचारलंत. आमच्या सोसायटीने तळघरात चार्जर लावायला बंदी केली आहे. आग लागेल अशी त्यांना भीती. म्हणून ऑफिसच्या टॉवरांमागे एक चार्जिंग स्टेशन आहे, तिथे जाते. तीन गाड्यांची जागा. त्यातली एक रुंद, निळी रंगवलेली, वर व्हीलचेअरचं चित्र. ती माझ्यासारख्यांसाठी. तिच्या शेजारी पांढरे तिरपे पट्टे मारलेली मोकळी पट्टी असते. लोकांना वाटतं, उगीच वाया घालवलेली जागा. पण मी गाडीचं दार पूर्ण उघडते, शेजारच्या सीटवरून खुर्चीचा सांगाडा आणि चाकं उचलून बाहेर जोडते, हातांवर जोर देऊन खुर्चीत बसते आणि मग चार्जर लावते, ते सगळं त्या पट्टीत. ती नसेल तर मी गाडीतच.

गेल्या रविवारी गंमत झाली. मी परत गाडीत बसून एसी लावून चार्जिंग संपायची वाट बघत होते, तेवढ्यात एका पांढऱ्या गाडीवाल्याने बरोब्बर पट्ट्यांवर गाडी आणून लावली. माझं दार वीतभरही उघडेना. "दो मिनट, मैडम," म्हणून तो गेला तो गेलाच. त्याची दोन मिनिटं संपेपर्यंत माझे आठवड्याचे मेल वाचून झाले. आला तेव्हा तिथला गार्ड दिलीपजी त्याला म्हणाला, "भाईसाहब, ये पट्टियाँ ज़ेब्रा के लिए नहीं बनाई हैं." मी आणि दिलीपजी खूप हसलो.

हसण्यासारखं होतं म्हणूनच लिहिलं. तुम्ही काळजी करू नका. मयुरा, माझी फ्लॅटमधली मैत्रीण, तुम्हाला नमस्कार सांगते.

तुमची,
नंदू

*

मु. पो. करंजोशी, जि. सातारा
१७ एप्रिल २०२५

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू हसलीस, मला हसू आलं नाही. मी ते पत्र घेऊन भैरवनाथाच्या देवळात गेलो, तिथं पुन्हा वाचलं, आणि देवळाच्या थंडाव्यातही मला गुदमरल्यासारखं झालं. दार वीतभरही उघडत नाही आणि माझी पोर आत, एवढंच डोळ्यांपुढं राहिलं.

तुझी आई गेली, त्यानंतर पुण्यात स्कूटरवरून पडून तुझे पाय गेले, आणि वर्षभरात तू म्हणालीस, आबा, मी दिल्लीला नोकरी करणार. तेव्हा आपलं एक ठरलं होतं. तू एकटी राहा, एकटी गाडी चालव, मी आडवा येणार नाही. पण एकदा जरी जिवावर बेतलं, तर मी येईन आणि तू माझ्याबरोबर घरी येशील. तू हो म्हणाली होतीस. मी विसरलेलो नाही.

आता तिकडचा उन्हाळा सुरू होईल. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तुझ्या लक्षात आहे ना? मणक्याला मार लागला त्याच्या खाली तुला घाम येत नाही. बाकीच्यांचं अंग आपोआप निवतं, तुझं निवत नाही, नुसतं तापत जातं. गाडीचा एसी ही तुझ्यासाठी चैन नव्हे.

नोकरीत असताना आम्हांला शिकवलं होतं की ज्या जागेवर पहारा नाही ती जागा आपली नाही. नुसता रंग मारून जागा राखली जात नसते. मी काहीतरी व्यवस्था करतो. काय करतो ते विचारू नकोस.

परवा जत्रा आहे. उदयसिंह रजेवर येतोय. आम्ही दोघांनी एकाच तोफेवर अकरा वर्षं काढली, आता तो दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या गेस्टहाऊसमध्ये कामाला आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्याच्याबरोबर कुरडया आणि मेतकूट पाठवतो.

तुझा,
आबा

*

गुरुग्राम
४ मे २०२५

तीर्थरूप आबांस,
नमस्कार.

मेतकूट मिळालं. मयुराने पहिल्याच दिवशी अर्धं संपवलं. उदयकाका स्वतः आणून देऊन गेले, वरून मला ओरडून गेले की बारीक झालीस.

एक बातमी आहे. स्टेशनच्या निळ्या जागेला आता कुणीतरी लोखंडी खांब लावून साखळी बांधली आहे, आणि साखळीला हे एवढं पितळी कुलूप! मी चार्जिंगच्या कंपनीला तीनदा मेल केला होता, बहुतेक त्याचाच परिणाम. किल्ली दिलीपजीच्या कमरेला. मी आले की तो धावत येतो, खाली बसतो, कुलूप काढतो आणि साखळी बाजूला धरून असा उभा राहतो की मला वाटतं आता सलामी देणार. दोन रविवार झाले, कुणीही तिथे गाडी घातली नाही. पांढरा गाडीवाला आला होता. साखळी बघून म्हणाला, "अच्छा, वीआईपी हो गई मैडम!"

एवढंच की दिलीपजी जागेवर असावा लागतो. साखळीच्या बाहेर उतार आहे, आणि कुलूप खांबाच्या अगदी तळाशी, ते मला खुर्चीतून पोचत नाही. आणि मुळात खुर्ची काढायलाच मला आतली सपाट जागा लागते. म्हणजे आत गेल्याशिवाय मी बाहेर पडू शकत नाही, आणि बाहेर पडल्याशिवाय आत जाऊ शकत नाही! बघू, कंपनीला पुन्हा लिहीन म्हणते.

ऊन फार आहे. मी दुपारी बाहेर पडत नाही, सकाळीच जाऊन येते. काळजी नको.

तुमची,
नंदू

*

करंजोशी
१६ मे २०२५

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

कंपनीचे आभार मानू नकोस. ती साखळी आमची आहे.

उदय आणि मी जत्रेत पालखीच्या मागं चालता चालता ठरवलं. तिकडं जाऊन तो स्टेशनच्या मॅनेजरला भेटला, तुझी हकीकत सांगितली. मॅनेजर भला माणूस निघाला, म्हणाला, आमचीही कटकट जाईल, लावा. खांब उदयने गेस्टहाऊसच्या गवंड्याकडून बसवून घेतले. कुलूप मात्र माझं. माझ्या काळ्या ट्रंकेचं. पठाणकोट, लेह, जैसलमेर, कुठंही ते कुणाला फोडता आलं नाही. ते आता तुझी जागा राखतंय, हे मनात आलं की रात्री मला झोप लागते. पुष्कळ दिवसांनी लागते.

त्याला दोन किल्ल्या. एक गार्डाकडं. दुसरी कधी पहारेकऱ्याच्या हाती द्यायची नसते, ती सीलबंद करून वेगळी ठेवायची, ही आमच्याकडची रीत. उदय म्हणत होता पोरीला देऊ, पण तुला वाकून कुलूप काढता येणार नाही, मग पर्समध्ये ठेवून हरवायची कशाला? म्हणून ती इथं माझ्यापाशी, देव्हाऱ्यात भैरवनाथाच्या टाकाशेजारी ठेवली आहे. रोज सकाळी तिला हळदकुंकू लावतो. हसू नकोस.

कुलूप तळाशी बसवायला मीच सांगितलं, येणाऱ्याजाणाऱ्याचा हात सहज लागू नये म्हणून. आता कंपनीला काही लिहू नकोस. चांगलं चाललंय ते चालू दे.

तुझा,
आबा

*

गुरुग्राम
१४ जून २०२५

ती. आबांस,
नमस्कार.

पत्राला उशीर झाला, माफ करा. ऑफिसचं काम फार होतं. तब्येत छान आहे. तुमची साखळी आणि कुलूप बघून मला भरून आलं, ते लिहायचं राहून गेलं होतं. थँक यू, आबा.

एक मागू? ती देव्हाऱ्यातली दुसरी किल्ली पाठवून द्याल का? उदयकाकांच्या पत्त्यावर पाठवलीत तरी चालेल. विशेष काही कारण नाही.

पाणी वेळेवर प्या. ओट्यावर उन्हात बसू नका.

नंदू

*

करंजोशी
२२ जून २०२५

चि. नंदूस,
आशीर्वाद.

किल्ली पाठवलेली नाही. आधी मला खरं सांग.

पाकिटावरचा पत्ता तुझ्या अक्षरात नाही. तुझं अक्षर तुझ्या आईसारखं उजवीकडं कललेलं, हे उभं आहे. आतलं अक्षर तुझंच, पण लिहिताना पाटीवर पहिल्यांदा गिरवावं तसं थरथरलेलं. आणि तू घाईत पाहिलं नसशील, कागदाच्या पाठीमागं सलाईनच्या कंपनीची जाहिरात आहे. तसला कागद तुझ्या ऑफिसात कशाला असेल?

शेजारच्या स्वरूपाला बोलावून तिच्या मोबाईलवरून उदयला निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं, "सब ठीक है, चिंता मत करो," आणि खाली जोडलेले हात. उदय माझ्याशी जन्मात कधी हिंदीत बोललेला नाही. तुला फोन लावला तर तू काहीतरी बोलत होतीस आणि मला नुसती भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येत होती. मी ओरडून विचारलं, नंदू, तू बरी आहेस का? पुन्हा तीच गुणगुण. रडत होतीस की हसत होतीस, तेवढंही मला कळलं नाही. फोन ठेवल्यावर अंगणात बराच वेळ उभा राहिलो.

देवासमोर बसतो, पण नाव घेता येत नाही. डोळे मिटले की वाईटसाईट दिसतं, म्हणून उघडे ठेवून बसतो.

बारा जुलैचं गोवा एक्स्प्रेसचं तिकीट काढलं आहे. येतानाची तिकिटं दोन आहेत. आपलं काय ठरलं होतं ते तुला आठवत असेल.

आबा

*

गुरुग्राम
२९ जून २०२५

तीर्थरूप आबांस,
नमस्कार.

खरं सांगते. तुम्ही बसून वाचा.

जूनचा दुसरा रविवार होता. शनिवारी ऑफिसातून यायला उशीर झाला, सकाळी उठायला उशीर झाला, आणि मी निघाले तेव्हा ऊन वर आलं होतं. बॅटरीही अगदी तळाला गेली होती. वाटलं, स्टेशनपर्यंत पुरेल, पुढे काय, लावायचंच आहे. पुरली. पण स्टेशनवर दिलीपजी नव्हता. बाकीच्या दोन्ही जागांवर गाड्या लावून लोक निघून गेले होते. माझी जागा रिकामी होती, समोर साखळी आणि तुमचं कुलूप.

हॉर्न वाजवला. कुणी नाही. रविवारी त्या टॉवरांच्या मागे कुत्रंही नसतं. दिलीपजीला फोन लावला. आबा, त्याचा फोन त्याच्या बंद केबिनमध्ये वाजत होता. मला काचेतून त्याचा उजेड दिसत होता. मी कट केला की तो बंद व्हायचा.

मग बॅटरी इतकी कमी झाली की गाडीने आपणच एसी बंद केला. मी काचा खाली केल्या तर आगीच्या भट्टीतून यावं तसं वारं आत आलं. म्हटलं, इथेच उतारावर खुर्ची काढते आणि सावलीत जाते. सांगाडा काढला, दोन्ही चाकं बसवली, आणि ब्रेक लावायच्या आधी हात घसरला. खुर्ची उतारावरून गेली. मी दार उघडं टाकून बघत राहिले. खाली दगडावर आपटून ती उलटी झाली आणि तिचं एक चाक किती तरी वेळ फिरत राहिलं.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याआधी रागच होता. मयुराला फोन केला, ती दिल्लीत मुनिरकाला मैत्रिणीकडे होती, म्हणाली निघाले, ॲम्ब्युलन्सलाही मीच सांगते. उदयकाकांना केला, ते तिकडून निघाले. मी बाटलीतलं पाणी ओढणीवर ओतून डोक्यावर घेतलं. ती लगेच सुकली. चेहऱ्याला घाम येत होता आणि छातीखाली अंग कोरडं, कढत. डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं. ओरडले, पण आवाज समोरच्या काचांवर आपटून परत यायचा. आणि सारखी ती किल्ली दिसत होती. हळदकुंकू लावलेली. तुम्ही आत्ता आंघोळ करून तिच्यासमोर बसला असाल असं वाटलं. मी तुम्हाला हाक मारली. खरंच मारली.

पुढचं मला दिलीपजीने सांगितलं. रस्त्याच्या पलीकडे काही लोक पुण्य म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांना गुलाबी सरबत वाटत होते. मैडमची यायची वेळ झाली म्हणून तो माझ्यासाठी एक ग्लास आणायला गेला होता, आणि तिथे रांग होती. दोन हातांत दोन ग्लास घेऊन आला तर माझी मान स्टिअरिंगवर. त्याने दोन्ही ग्लास माझ्या डोक्यावर ओतले. मग केबिनमधली पाण्याची अख्खी कॅन. मयुरा पोचली तेव्हा माझे केस, कपडे सगळं लाल, चिकट झालेलं. तिला वाटलं रक्त. ती अजून रात्री दचकून उठते.

आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होते, मागचं पत्र तिथूनच लिहिलं. पाकिटावरचा पत्ता मयुराने लिहिला. उदयकाकांना गप्प राहायची शपथ मी घातली होती, त्यांना रागावू नका. त्यांनी त्याच दिवशी करवत आणून साखळी कापली. कापताना रडत होते, असं दिलीपजी म्हणाला.

साखळी काढायला सांगायची, हे मी मेमध्येच ठरवलं होतं. पण मग तुमचं पत्र आलं. तुम्हाला झोप लागते असं त्यात लिहिलं होतं. मला सांगवेना. दुसरी किल्ली मागितली ती एवढ्यासाठीच की ती तुमच्या देव्हाऱ्यात आहे हे मला आता सहन होत नाही.

जिवावर बेतलं, आबा. ठरलं होतं ते मला आठवतं. मी खोटं बोलणार नाही की मला भीती वाटत नाही. परवा गाडीत बसले तर निघण्याआधी बॅटरीचा आकडा तीनदा बघितला. पण मला घरी नेऊ नका. तिथे ओसरीला तीन पायऱ्या आहेत, न्हाणीला उंबरा आहे. इथे मी घाबरत का होईना, पण जाते.

तुमची,
नंदू

*

करंजोशी
८ जुलै २०२५

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र ओट्यावर बसून वाचलं. स्वरूपाने चहा आणून दिला, तो तसाच निवला.

त्या रविवारी मी काय करत होतो ते मला नीट आठवतं. भैरवनाथाचा वार. मी त्या किल्लीला जास्वंदीचं फूल वाहिलं होतं आणि हात जोडून म्हटलं होतं, देवा, माझ्या पोरीची जागा राख. जागा त्याने राखली. कुणालाही आत येऊ दिलं नाही. मी मागितलं तेच दिलं. आता त्याच्यासमोर बसलो की काय मागावं ते सुचत नाही. हात जोडतो आणि उठतो.

पहिल्या दिवशी मनात एकच होतं. जायचं आणि तुला उचलून आणायचं. पिशवी भरलेलीच होती. मग तुझ्या पायऱ्या डोक्यातून जाईनात. संध्याकाळी ग्रामपंचायतीत पडून असलेली चाकाची खुर्ची मागून आणली. तीत बसलो, पाय वर बांधून घेतले आणि घरात फिरून बघितलं. न्हाणीच्या उंबऱ्याशी अडलो. ओसरीच्या कडेला येऊन थांबलो. खाली अंगण, पलीकडं वाट, आणि मला उतरता येईना. स्वरूपाला हाक मारली, ती आली, हसली, म्हणाली, "काका, हे काय खूळ?" तिनं पाय सोडवले. मी तिला म्हटलं, आता तू बस आणि मी परड्यात जातो. तिथून मला हाक मार. मी परड्यात जाऊन गोठ्याकडं तोंड करून उभा राहिलो. बराच वेळ झाला तरी काही ऐकू येईना, म्हणून परत आलो. ती खुर्चीत रडकुंडीला आली होती. म्हणाली, "काका, घसा सुकला ओरडून."

तिकडं निदान दिलीपच्या फोनचा उजेड तुला दिसत होता. इथं तेवढंही नाही.

येतानाची दोन्ही तिकिटं रद्द केली. जातानाचं ठेवलंय. बाराला निघतो, तुला डोळ्यांनी बघतो, दिलीपच्या पाया पडतो, आणि मिळेल त्या गाडीनं एकटा परत येतो. साखळी पुन्हा लावायची नाही, असं उदयला कळवलंय. कुणी पट्ट्यांवर गाडी घातली तर भांडू, मॅनेजरला पत्रं लिहू, दिलीपला सांगू. पण जागा उघडीच राहू दे. उघड्या जागेचीही मला भीती वाटते, हे तुझ्यापासून लपवत नाही. आजपासून तूही काही लपवू नकोस. आणि ऊन चढल्यावर निघू नकोस, अर्ध्यापेक्षा कमी बॅटरीवर निघू नकोस. एवढं ऐक.

किल्ली या पाकिटात आहे. देव्हाऱ्यातून काढली तेव्हा कुंकवात तिचा ठसा राहिला होता, तो पुसला. तुला तिचं काय करायचं ते कर.

एक मागतो. मला ऐकू येत नाही, पण फोन हातात धरला तर तो थरथरतो, ते तळहाताला कळतं. मी स्वरूपाकडून करून बघितलं, चांगलं कळतं. रविवारी तू त्या उतारावर वळलीस की मला एक मिस्ड कॉल दे. खुर्चीत नीट बसून, चार्जर लावून, हात पुसलेस की दुसरा. मी उचलणार नाही, तूही बोलू नकोस. त्या वेळी मी देवळात नसेन, ओट्यावर असेन, दोन्ही हातांत फोन धरून.

पहिला आल्यापासून दुसरा येईपर्यंतचा वेळ मी कसा काढायचा, ते माझं मी बघेन. तू घाई करू नकोस. आधी ब्रेक लाव.

तुझा,
आबा